मेणावर कोरलेला आवाज

(थॉमस अल्वा एडिसन यांचे नाव घेतले, की आपल्याला विजेचा दिवा आठवतो. परंतु एडिसन यांचे स्वतःचे सर्वांत आवडते यंत्र वेगळेच होते. ते म्हणजे आवाज साठवून पुन्हा ऐकवणारा फोनोग्राफ. कानांनी कमी ऐकू येणाऱ्या या माणसाने आवाज कसा पकडला आणि त्या आवाजाचे पुढे काय झाले, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमची दादी किंवा नानी तुम्हांला हाक मारते, तेव्हा डोळे मिटलेले असले तरी तुम्ही तो आवाज ओळखता. चेहरा जसा प्रत्येकाचा वेगळा, तसा आवाजही वेगळा. आता विचार करा. चित्रकार माणसाचा चेहरा रंगवून ठेवू शकतो. कातिब त्याचे शब्द कागदावर उतरवू शकतो. पण आवाज? तो हवेत उमटतो आणि हवेतच विरून जातो.

तानसेन कसा गात असे, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. मिर्झा गालिब यांच्या गझला आपण वाचतो. पण मुशायऱ्यात त्या म्हणताना त्यांचा आवाज कसा लागत असे, हे आपल्याला कधीच कळणार नाही. गालिब १८६९ मध्ये वारले. आवाज साठवणारे यंत्र तयार झाले १८७७ मध्ये. मध्ये अंतर होते अवघ्या आठ वर्षांचे!

ते यंत्र ज्याने तयार केले, त्या माणसाची ही गोष्ट आहे. नवल म्हणजे, त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हते.

थॉमसचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान नावाच्या लहानशा गावी झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. घरात त्याला सगळे अल म्हणत. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्युरॉन या गावी राहायला गेले. अल सारखे प्रश्न विचारी. हे असेच का? ते तसे का नाही? शाळेतल्या मास्तरांना हे प्रश्न आवडत नसत. मुलगा मंद बुद्धीचा आहे, असे त्यांचे मत झाले. अलची आई नॅन्सी ही लग्नाआधी स्वतः शिक्षिका होती. तिला हे मुळीच पटले नाही. तिने मुलाला शाळेतून काढले आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. शाळेचे असे जेमतेम काही महिनेच अलच्या वाट्याला आले.

आईने त्याला पुस्तकांची गोडी लावली. विज्ञानाचे पुस्तक हाती पडले, की त्यातला प्रत्येक प्रयोग अल स्वतः करून पाही. घराच्या तळघरात त्याने बाटल्या आणि रसायने गोळा केली. पण रसायनांना पैसे लागतात. म्हणून बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि मिठाई विकू लागला. पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट आणि परत, असा त्याचा रोजचा प्रवास असे. सामानाच्या डब्यातच त्याने आपली लहानशी प्रयोगशाळा थाटली. एक जुने छापयंत्र मिळवून धावत्या गाडीत एक साप्ताहिकही काढले. एके दिवशी रसायनांमुळे डब्यात आग लागली आणि प्रयोगशाळेचे सारे सामान गाडीबाहेर गेले.

याच सुमारास अलला कमी ऐकू येऊ लागले. पुढे वय वाढले तसा बहिरेपणाही वाढला. तुम्ही म्हणाल, बिचारा मुलगा! पण अलने याबद्दल फारशी कुरकुर केली नाही. गोंगाटातही आपल्याला शांतपणे वाचता येते, यातच त्याला समाधान होते.

१८६२ मध्ये एका स्टेशनवर खेळता खेळता स्टेशनमास्तरांचा लहान मुलगा रुळांवर गेला. समोरून मालगाडीचा डबा येत होता. अलने धावत जाऊन त्या मुलाला उचलले आणि त्याचे प्राण वाचवले. या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरांनी अलला तारायंत्र चालवायला शिकवले. तार म्हणजे आखूड आणि लांब खुणांची भाषा. अल पुढे काही वर्षे गावोगाव फिरून तारमास्तरची नोकरी करत राहिला. ही विद्या त्याला इतकी आवडली, की पुढे त्याने आपल्या पहिल्या दोन मुलांची लाडाची नावे डॉट आणि डॅश, म्हणजे ठिपका आणि रेघ, अशी ठेवली.

आता अल मोठा झाला होता. तेव्हा आपणही यापुढे त्याला एडिसन असेच म्हणूया.

एडिसन यांनी १८६९ मध्ये मते मोजणाऱ्या विजेच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते त्यांचे पहिले पेटंट होय. यंत्र चांगले होते. पण ते कोणालाच नको होते. लोकांना ज्याची गरज आहे तेच बनवायचे, हा धडा एडिसन यांनी त्यातून घेतला. पुढे त्यांनी तारायंत्रात अनेक सुधारणा केल्या. त्यातून पैसे मिळाले. १८७६ मध्ये त्यांनी न्यू जर्सी राज्यातील मेन्लो पार्क या खेड्यात आपली प्रयोगशाळा उभारली. तेथे सुतार, लोहार, घड्याळजी, काचकाम करणारे असे कुशल कारागीर त्यांच्या हाताखाली होते.

१८७७ साल उजाडले. एडिसन त्या वेळी दोन कामे एकदम करत होते. एक काम होते तारेचा संदेश कागदावर खड्ड्यांच्या खुणांनी उमटवून ठेवण्याचे. हा खुणांचा कागद यंत्रातून वेगाने पळवला, की त्यातून गुणगुणल्यासारखा आवाज निघे. दुसरे काम होते टेलिफोन सुधारण्याचे. टेलिफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. बोलले, की तो थरथरतो. पडदा किती जोराने थरथरतो, हे एडिसन यांना कानांनी नीट समजत नसे. म्हणून त्यांनी पडद्याला एक बारीक सुई जोडली आणि सुईच्या टोकावर बोट ठेवले. ते बोलू लागले, तशी सुई बोटाला टोचू लागली. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

मुलांनो, इथे क्षणभर थांबा. आपण आवाज कानांनी ऐकतो. एडिसन यांना तो बोटाने कळला! त्यांच्या मनात विचार आला, की सुई बोटाला टोचू शकते, तर ती एखाद्या मऊ वस्तूवर खुणाही उमटवू शकेल. आणि त्याच खुणांवरून सुई पुन्हा फिरवली, तर पडदा पुन्हा तसाच थरथरेल. मग तोच आवाज पुन्हा का येऊ नये?

नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी एक आकृती काढून आपले कारागीर जॉन क्रूसी यांच्या हाती दिली. पितळेचे एक नळकांडे, त्यावर गोल गोल फिरत गेलेली बारीक खाच, ते फिरवायला हाताचा दांडा आणि दोन्ही बाजूंना सुई लावलेला एक एक पडदा. यंत्र साधे होते. हे कशासाठी, असे क्रूसींनी विचारले. हे यंत्र बोलणार आहे, असे उत्तर मिळाले, तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र तयार झाले. मिठाईवर चांदीचा वर्ख लावतात, तो तुम्ही पाहिला असेल. तसाच पण थोडा जाड असा कथलाचा वर्ख एडिसन यांनी नळकांड्याभोवती गुंडाळला. मग तोंड पडद्याजवळ नेले आणि दांडा फिरवत लहान मुलांची एक कविता मोठ्याने म्हटली. मेरी नावाची मुलगी आणि तिचे कोकरू यांची ती कविता होती. नंतर नळकांडे पुन्हा सुरुवातीला आणून दुसऱ्या पडद्याची सुई वर्खावर टेकवली आणि दांडा फिरवला. यंत्रातून बारीक, चिरका, पण स्पष्ट आवाज आला. कविता तीच आणि आवाजही एडिसन यांचाच! जमलेले कारागीर थक्क झाले. एडिसन स्वतःही चकित झाले. पहिल्याच फटक्यात यशस्वी झालेल्या गोष्टीची त्यांना नेहमी भीती वाटे.

७ डिसेंबर १८७७ रोजी ते यंत्र घेऊन न्यूयॉर्कला सायंटिफिक अमेरिकन या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. टेबलावर ठेवलेल्या त्या यंत्राने संपादकांची खुशाली विचारली, फोनोग्राफ कसा वाटला तेही विचारले आणि शेवटी त्यांचा निरोप घेतला! बघायला इतकी गर्दी झाली, की जमीन खचते की काय अशी भीती वाटू लागली. १९ फेब्रुवारी १८७८ रोजी फोनोग्राफचे पेटंट मिळाले. एप्रिल महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष हेस यांनी हे यंत्र आपल्या निवासस्थानी बोलावून ऐकले. लोक एडिसन यांना मेन्लो पार्कचा जादूगार म्हणू लागले.

अर्थात, हा विचार करणारे एडिसन एकटे नव्हते. फ्रान्समध्ये लिऑन स्कॉट यांनी वीस वर्षे आधीच काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या रेघा उमटवल्या होत्या. पण त्या रेघांवरून आवाज परत काढण्याची सोय त्यांच्याजवळ नव्हती. शार्ल क्रो यांनी १८७७ च्या एप्रिलमध्ये आवाज परत ऐकवण्याची कल्पना लिहून ठेवली होती. पण यंत्र तयार केले नव्हते. बोलणारे यंत्र प्रत्यक्ष उभे करण्याचा मान एडिसन यांच्याकडे जातो.

एडिसन यांनी १८७८ मध्ये एका लेखात फोनोग्राफचे दहा उपयोग सांगितले. पत्रे सांगून लिहून घेणे, अंधांसाठी बोलकी पुस्तके, संगीत, मुलांची खेळणी, भाषांचे खरे उच्चार जपणे, घरातल्या माणसांचे आवाज आणि मरणाऱ्याचे अखेरचे शब्द साठवणे. आज यातला जवळजवळ प्रत्येक उपयोग खरा झालेला आहे.

पण त्या वेळी एक मोठी अडचण होती. कथलाचा वर्ख दोनचार वेळा वाजवला, की खुणा पुसट होत. काढायला गेले, की तो फाटे. एडिसन यांनी ज्या वर्खावर पहिली कविता म्हटली, तो आज कोठेही नाही. त्या कवितेचा जो आवाज आज आपल्याला ऐकवतात, तो पन्नास वर्षांनंतर, १९२७ मध्ये, म्हाताऱ्या एडिसन यांनी ती पुन्हा म्हटली तेव्हाचा आहे.

लोकांचे कुतूहल ओसरले. एडिसनही विजेच्या दिव्याकडे वळले. १८७९ मध्ये त्यांचा दिवा पेटला. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका भागात त्यांनी विजेचा पुरवठा सुरू केला. या साऱ्या काळात बोलके यंत्र कोपऱ्यात पडून राहिले. जवळजवळ दहा वर्षे!

रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या प्रयोगशाळेतील चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी वर्खाऐवजी मेण वापरले. मेणावर सुईने आवाज कोरायचा, अशी त्यांची रीत होती. १८८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. ही बातमी कळताच एडिसन खडबडून जागे झाले. त्यांनी वेस्ट ऑरेंज येथील आपल्या नव्या प्रयोगशाळेत कामाचा धडाका लावला. जून १८८८ मध्ये शेवटचे तीन दिवस जवळजवळ अखंड काम करून त्यांनी सुधारलेला फोनोग्राफ पुरा केला. आता नळकांडे संपूर्ण मेणासारख्या पदार्थाचे होते. वरचा थर तासून काढला, की त्यावर पुन्हा नवा आवाज भरता येई.

हे यंत्र कसे चालते, ते समजून घ्या. मेणाचे नळकांडे साधारण सव्वाचार इंच लांब आणि आतून पोकळ असते. ते यंत्राच्या गोल दांड्यावर सरकवायचे. चावी देऊन स्प्रिंग ताणायची. नळकांडे मिनिटाला १६० फेरे घेऊ लागते. सुई बारीक खाचेतून पुढे पुढे सरकते. खाच कोठे खोल, कोठे उथळ असते. त्याप्रमाणे सुई खालीवर होते, तिच्यावरचा पडदा थरथरतो आणि आवाज निघतो. पण हा आवाज अगदी लहान असतो. तो मोठा करण्याचे काम कर्णा करतो. सुरुवातीच्या काळात यंत्रात विजेने आवाज वाढवण्याची सोय नव्हती. लाउडस्पीकरचे काम नुसता पत्र्याचा कर्णाच करी. दोन्ही हात तोंडाभोवती धरून हाक मारली, की ती लांब जाते ना? तसेच हे.

हे कर्णेही निरनिराळ्या तऱ्हेचे असत. काही सरळ, काळ्या पत्र्याचे आणि पितळी तोंडाचे. काही फुलाच्या पाकळ्यांसारखे उमललेले आणि रंगीत. काहींची मान हंसासारखी वर वळलेली असे. कर्णा मोठा आणि जड असला, तर तो साखळीने टांगून धरावा लागे.

आवाज भरण्यासाठीही कर्णाच लागे. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून जोराने गायचे. तंतुवाद्यांचा नाजूक आवाज मेणावर नीट उमटत नसे. तुतारीसारख्या वाद्यांचा चांगला उमटे. आरंभी एका नळकांड्यावरून दुसरी पुष्कळ नळकांडी काढण्याची चांगली सोय नव्हती. म्हणून गायकासमोर अनेक यंत्रे मांडत आणि तेच गाणे गायक दिवसभर पुन्हा पुन्हा गात राही. १९०२ पासून एडिसन यांच्या कारखान्यात साच्यातून नळकांडी काढता येऊ लागली. तेव्हा कोठे गायकांच्या घशाला विश्रांती मिळाली!

सारेच प्रयोग साधले असे नाही. १८९० मध्ये एडिसन यांनी पोटात लहानसा फोनोग्राफ असलेली बोलकी बाहुली विकायला काढली. यंत्र नाजूक, आवाज भेसूर. लोकांनी बाहुल्या परत केल्या. थोड्याच आठवड्यांत विक्री बंद करावी लागली.

१८९१ मध्ये फोनोग्राफची किंमत १५० डॉलर होती. स्प्रिंगवर चालणारी साधी यंत्रे निघाली आणि १८९९ पर्यंत ती २० डॉलरवर आली. जेम नावाचे छोटे यंत्र तर साडेसात डॉलरला मिळू लागले. शेतकऱ्याच्या घरातही गाणे पोचले. आपल्या देशातही हे यंत्र आले. कलकत्त्याला हेमेंद्रमोहन बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नळकांड्यांवर गाणी भरली. रवींद्रनाथ टागोरांचा आवाजही त्यांनी मेणावर उतरवला होता.

याच काळात एमिल बर्लिनर यांची सपाट तबकडी पुढे आली. तबकडी छापायला सोपी, एकावर एक रचून ठेवायला सोपी. दुकानदार आणि गिऱ्हाईक तिच्याकडे वळले. एडिसन यांना मात्र नळकांडेच अधिक चांगले वाटे. तबकडीवर सुई मध्याकडे जाते तसतसा खाचेचा वेग कमी होतो. नळकांड्यावर तो सारखाच राहतो. हे त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांनी १९०८ मध्ये दोन मिनिटांऐवजी चार मिनिटे वाजणारे नळकांडे काढले. १९१२ मध्ये न फुटणाऱ्या सेल्युलॉइडचे निळे नळकांडे काढले. पण बाजार हातातून गेला होता. त्याच सुमारास त्यांनाही तबकड्या काढाव्या लागल्या. कोणाचे गाणे घ्यायचे, कोणाचे नाही, हे ते स्वतः ठरवत. नीट ऐकू येत नसल्याने ते यंत्राच्या लाकडाला दात लावत आणि हाडांतून येणारी थरथर ऐकत! त्यांची ही जिद्द मोठीच. परंतु लोकांच्या बदलत्या आवडीकडे त्यांनी लक्ष दिले नाही. लोकांना हवे तेच बनवायचे, हा तरुणपणीचा धडा ते इथे विसरले.

९ डिसेंबर १९१४ च्या रात्री वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला भयंकर आग लागली. अनेक इमारती भस्म झाल्या. एडिसन तेव्हा ६७ वर्षांचे होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ढिगारा उपसायला आणि पुन्हा बांधकामाला सुरुवात केली. १९२९ मध्ये मात्र त्यांच्या कंपनीने नळकांडी आणि तबकड्या काढणे बंद केले. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी एडिसन यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंटे होती.

मुलांनो, गोष्ट इथे संपत नाही. माणूस गेला, त्याने साठवलेल्या आवाजांचे काय झाले?

पुष्कळसे नष्ट झाले. मेणाचे नळकांडे हातातून पडले, की त्याचे तुकडे होतात. एकदम ऊन-थंडी लागली, तर ते तडकते. ओल आली, की त्यावर बुरशी धरते. बुरशी मेण खात जाते आणि मेणाबरोबर आवाजही खाते. अशा नळकांड्यावर पांढरे ठिपके दिसतात आणि वाजवल्यावर नुसती खरखर ऐकू येते. गेलेले शब्द कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

तरी काही वाचले, ते ज्यांनी जपले त्यांच्यामुळे. जगात आजही असे हौशी लोक आहेत, की जे माळ्यावरची, भंगारातली यंत्रे शोधून काढतात आणि ती पुन्हा बोलती करतात. त्यांचे काम मोठे चिकाटीचे असते. आधी यंत्र उघडून स्प्रिंगवरचे घट्ट झालेले जुने वंगण काढायचे. ताणलेली स्प्रिंग उसळून हात कापू शकते, म्हणून हे काम जपून करावे लागते. पडद्याभोवतीचे रबर वयाने दगडासारखे होते. ते बदलले नाही, तर आवाज भणभणतो. कर्ण्याला पोचा आला असेल, तर तो हळूहळू दाबून सरळ करायचा. जाणकार लोक जुना रंग मात्र होता होईल तो तसाच ठेवतात. रंग लावून कर्णा नवा दिसेल. पण त्याचे वय पुसले जाईल.

नळकांडे हाताळण्याचीही रीत आहे. खाचांना बोट लावायचे नाही. दोन बोटे आतल्या पोकळीत घालून ती थोडी फाकवायची आणि नळकांडे उचलायचे. दोन मिनिटांच्या नळकांड्याला जाड टोकाची सुई आणि चार मिनिटांच्याला बारीक टोकाची. सुई चुकली, तर एकदा ऐकण्याच्या मोहात तो आवाज कायमचा बिघडू शकतो. म्हणून खरा जाणकार अनोळखी नळकांडे हाती आले, की घाईने वाजवत नाही. आधी ते नीट पाहतो.

अशा धीराचे फळ कधी कधी फार मोठे मिळते. १९५७ मध्ये वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत एडिसन यांच्या खाटेमागच्या कपाटात काही नळकांडी सापडली. ती कोणाची, हे कळेना. पुढे अभ्यासकांनी ती ऐकली आणि २०१२ मध्ये त्यांतला एक आवाज ओळखला. तो जर्मनीचे प्रसिद्ध मुत्सद्दी बिस्मार्क यांचा होता! १८८९ मध्ये एडिसन यांच्या माणसाने तो भरून आणला होता. रुग्णांची सेवा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा १८९० मधला आवाजही मेणावरच टिकून राहिला आहे. आणि कथलाचा वर्ख? १८७८ मधला एक सुरकुतलेला वर्ख अमेरिकेत जपून ठेवला होता. त्याला सुई लावली असती, तर तो फाटला असता. शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या साहाय्याने त्यावरच्या खड्ड्यांची मोजणी केली आणि २०१२ मध्ये संगणकाने ७८ सेकंदांचा आवाज परत मिळवला. त्यात वाद्य वाजते, एक माणूस मुलांच्या कविता म्हणतो आणि मध्येच हसतोही. कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तर दहा हजारांहून अधिक नळकांड्यांचे आवाज संगणकावर उतरवून सर्वांना खुले केले आहेत.

एडिसन यांनी आवाज पकडण्याची युक्ती शोधली. ते काम एका बुद्धिमान माणसाचे. पण पकडलेला आवाज शंभर वर्षे टिकवणे हे काम अनेकांच्या काळजीचे. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

आज तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये आवाज क्षणात साठवता येतो. तो मेणाप्रमाणे तडकत नाही. पण फोन हरवला किंवा बिघडला, तर तोही जातो. आज रात्री जेवण झाल्यावर दादीजवळ किंवा नानीजवळ बसा. त्यांची परवानगी घ्या. त्यांच्या लहानपणची एखादी गोष्ट त्यांच्याच आवाजात भरून घ्या. त्यावर तारीख आणि नाव लिहा आणि ती दोन ठिकाणी सांभाळून ठेवा. गालिबांचा आवाज वाचवायला आठ वर्षे उशीर झाला. आपल्या घरातल्या आवाजांसाठी उशीर करू नका.

शब्दार्थ
फोनोग्राफ – आवाज साठवून पुन्हा ऐकवणारे यंत्र
नळकांडे – आतून पोकळ असलेली गोल, लांबट वस्तू
कर्णा – एका टोकाला निमुळते व दुसऱ्या टोकाला रुंद असलेले, आवाज मोठा करणारे साधन
वर्ख – धातूचा अतिशय पातळ पत्रा
खाच – कोरून तयार झालेली बारीक रेघ
पोचा – धक्का लागून आत गेलेला भाग
वंगण – यंत्र सहज फिरावे म्हणून लावलेले तेल किंवा चरबी
बुरशी – ओलाव्यामुळे वस्तूवर वाढणारा थर

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एडिसन यांना घरी कोणी शिकवले?
(आ) पहिल्या फोनोग्राफमध्ये आवाज कशावर उमटवला होता?
(इ) कर्ण्याचे काम कोणते?
प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) आवाजाची थरथर एडिसन यांना बोटाने कशी कळली?
(आ) मेणाचे नळकांडे कसे उचलावे? का?
(इ) तरुणपणी घेतलेला कोणता धडा एडिसन पुढे विसरले?
प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : थक्क होणे, खडबडून जागे होणे, विरून जाणे.
प्र. ४. करून पाहा : जाड कागदाचा कर्णा करा. त्याच्या निमुळत्या टोकातून हलक्या आवाजात बोला. कर्णा नसताना आणि असताना आवाजात काय फरक पडतो, ते पाच ओळींत लिहा.